परसातल्या भाजीवर सशांचा धुमाकूळ: टिकाऊ उपाय सुचवावा

परसदार (डिचोली)

सर्व सदस्यांना नमस्कार. आमचे घर गोव्यातील डिचोली तालुक्यात एका सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) पायथ्याशी असून घरामागे सुमारे २०० चौरस मीटरचे परस आहे. त्याच्या एका अंगाला शेजाऱ्यांचे काजूचे भाट (बाग) आहे, तर दुसऱ्या अंगाला गेली सहा-सात वर्षे नांगर न लागलेले आणि कमरेएवढे गवत माजलेले मरड (उंचावरचे शेत) आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आणि माझे यजमान दर वर्षी पाऊस ओसरला की तेथे घरापुरती भाजी करतो. आजवर गोगलगाई, माकडे आणि मोर यांच्याशी जमेल तसे निभावून नेले. यंदा मात्र सशांनी आम्हाला हात टेकायला लावले आहेत.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, अळसांदे (चवळीचा प्रकार), सात शिरांचे भेंडे आणि थोडी मिरची लावली. अळसांद्याला जेमतेम दोन पाने फुटली होती, तोच एका सकाळी अर्धा वाफा विळीवर कापल्यासारखा सपाट झालेला दिसला. पुन्हा बी टाकले, तर आठव्या दिवशी पुन्हा तेच झाले. तांबड्या भाजीचे शेंडे गेले आणि भेंड्याची रोपे वीतभर उंचीवर छाटली गेली. मिरचीला मात्र आजवर कोणी तोंड लावलेले नाही. एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास यजमानांनी बॅटरी मारली, तेव्हा दोन ससे मरडाच्या दिशेने उड्या मारत पळताना स्पष्ट दिसले. दोन दिसले म्हणजे गवतात निदान वीस तरी असणार, असे आमचे शेजारी म्हणतात.

जुन्या साड्या बांधून झाल्या, निकामी सीडी टांगून झाल्या, आणि कुत्र्यांसाठी लोक ठेवतात तशा निळ्या पाण्याच्या बाटल्याही मांडून झाल्या. या बाटल्यांना आजवर कोणते जनावर घाबरले असेल, हा प्रश्न मला पूर्वीपासून आहेच. इंटरनेटवर इंग्रजीत वाचले, तर सशांची बिळे शोधून बुजवावीत आणि जाळी फूटभर जमिनीत गाडावी, असा सल्ला सर्वत्र मिळतो. मरडाच्या मेरेवर (बांधावर) चार-पाच बिळे सापडली असून त्यांत मिरचीचा धूर करावा, असा यजमानांचा विचार आहे. जाळी गाडण्याचे म्हणाल, तर आमच्याकडे चार बोटे मातीखाली सरळ जांभा लागतो आणि कुदळ ठणकन उडते.

नात्यातल्या एका गृहस्थांनी फासकी लावून देण्याची तयारी दाखवली आहे. मला ते मुळीच नको आहे. ससे जगोत, पण आमच्या वाफ्यांत नकोत, एवढीच अपेक्षा आहे. कोणी स्वतः करून पाहिलेला उपाय सांगितल्यास आभारी होईन.

काजूबन (पेडणे)

ताई, न्हाव्याच्या दुकानातून कापलेले केस आणून वाफ्यांच्या कडेने पसरा. माणसाच्या वासाने ससा जवळ येत नाही, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगत. आम्ही दोन वर्षांपूर्वी तसे केले, तेव्हा पहिले चार-पाच दिवस खरोखर शांतता होती, मग दव पडून केस चिकट झाले आणि ससे परत आले. त्यानंतर सुकटाचे पाणी शिंपडून पाहिले. ससे कमी झाले की नाही ते सांगता येत नाही, पण वाड्यावरची सगळी मांजरे रात्रभर आमच्या परसात मुक्कामाला असत आणि त्यांनी मुळ्याचे वाफे उकरून ससा बरा म्हणण्याची पाळी आणली.

जुना कृषी सहायक (फोंडा)

बाई, तुमच्या अडचणीतला निम्मा भाग मला भाषेचा वाटतो, म्हणून आधी तेच सांगतो. मराठीत आपण ससा या एकाच शब्दाने दोन निरनिराळे प्राणी ओळखतो. बिळे खोदून वसाहतीने राहणारा, ज्याला इंग्रजीत रॅबिट म्हणतात तो युरोपातला ससा. आपल्याकडे तो पिंजऱ्यात पाळलेल्या पांढऱ्या किंवा ठिपकेदार रूपातच दिसतो. गोव्याच्या रानात आणि सड्यांवर आहे तो काळ्या मानेचा ससा, शास्त्रीय नावाने लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे इंग्रजीतला हेअर. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला काळा पट्टा असतो, कान लांब असतात, आणि तो बीळ खोदत नाही. उंच गवतात अंग मावेल एवढी जागा दाबून उथळ खळगा करतो, दिवसभर त्यात निपचित पडून राहतो, आणि अगदी पाय पडण्याच्या बेतात आला की उसळून पळतो.

तुम्ही वाचलेला इंग्रजी सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या प्राण्यासाठी आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले दोन डझनांच्या आसपास ससे मोकळे सोडले आणि पुढे त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर त्यांना अडवण्यासाठी १९०१ ते १९०७ या काळात शेकडो मैलांचे कुंपण घालावे लागले. बिळे बुजवा, जाळी खोल गाडा, ही शिकवण त्या खोदणाऱ्या सशापासून आलेली आहे. आपला ससा जाळीखालून खोदून येत नाही. जाळी आणि जमीन यांच्यात फट दिसली तर तेवढ्यातून अंग चोरून आत येतो. म्हणजे जांभा फोडण्याची गरज नाही आणि तुमची मोठी चिंता येथेच मिटते.

मेरेवरची बिळे बहुधा घुशींची असावीत. त्यांत कृपा करून धूर करू नका. ससा त्यातून निघणार नाही हे नक्की, मात्र बिळात उंदरामागे गेलेला नाग बाहेर येऊ शकतो, आणि त्या वेळी सुपात मिरच्या घेऊन यजमान तोंडाशी बसलेले असतील.

आता संख्येचे पाहू. हा प्राणी कळपाने राहत नाही. एकेकटा, फार तर जोडीने चरतो, आणि मादीला एका वेळी साधारण एक ते चार पिल्ले होतात. तुम्हाला दोन दिसले, तर दोन किंवा तीनच असावेत. खात्री करायची असल्यास वाफ्यांकडे येणाऱ्या वाटेवर चाळलेली राख पातळ पसरा आणि पहाटे पाहा. उडी मारताना सशाचे लांब मागचे पाय पुढच्या लहान पायांच्याही पुढे टेकतात, त्यामुळे ठसा चटकन ओळखता येतो. लेंड्या वाटाण्यासारख्या गोल, किंचित चपट्या आणि चुरगळल्यास गवताच्या भुशासारख्या निघतात. रोपाचा काप पाहणेही उपयोगी आहे. धारदार दातांमुळे सशाचा काप तिरपा आणि स्वच्छ असतो. भेकरासारख्या प्राण्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने तो पाला ओढून तोडतो आणि देठाला धागे लोंबतात. गोगलगाय पानाला वेडीवाकडी भोके पाडते आणि मागे चकचकीत चिकट माग ठेवते. तुम्ही विळीची उपमा दिलीत, तेव्हाच मला ससा पटला.

दोन-तीन प्राण्यांकडून एवढे नुकसान कसे होते, हे समजून घेतल्यास उपायाची वेळ साधता येते. अळसांदे उगवताना त्याच्या दोन जाड डाळिंब्या मातीच्या वर येतात. ससा त्यांच्या खालून देठ कापतो आणि तेथे नवा कोंभ फुटण्यासाठी डोळाच शिल्लक राहत नाही, त्यामुळे रोप कायमचे जाते. तेच रोप महिन्याचे असते, तर शेंडा गेला तरी खालच्या पेरांतून पुन्हा फुटले असते. एक ससा एका रात्री पोटात किती घालणार! पण कोवळ्या रोपांच्या वाफ्यात त्याचा एकेक घास म्हणजे एकेक झाड असते. म्हणून उगवणीपासूनचे तीन-चार आठवडे सांभाळले, तर पुढे त्याने थोडे खाल्ले तरी तुम्हाला भाजी मिळेल.

राहिला प्रश्न तो याच वर्षी का आला, हा. मरड पडीक राहिल्याने त्याला दिवसा लपण्यासाठी घर मिळाले, आणि पाऊस संपून सड्यावरचे गवत पिवळे पडू लागल्यावर आसपासची एकमेव ओली हिरवी जागा म्हणजे तुमचे शिंपलेले वाफे. परसाच्या हद्दीलगत पंधरा-वीस फुटांचा पट्टा मरडाच्या मालकांची परवानगी घेऊन कापून घ्या. उघडी जागा ओलांडायला हा प्राणी कचरतो, कारण घुबड, कोल्हा आणि रानमांजर यांची त्याला कायम धास्ती असते. गवत पेटवू मात्र नये. कापताना पिल्लू दिसले, तर ते पोरके समजून घरी आणू नका. पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे अशीच जन्मतात, आणि आई दिवसभर दूर राहून अंधार पडताना त्यांना पाजायला येते.

सत्तरीकर

वरची माहिती उत्तम आहे, पण एवढा खटाटोप कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या लहानपणी सोंसो (ससा) फासकीत सापडला की वाड्यावर दोन घरांत जेवण होत असे, आणि भाजीही राहत असे. जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती आजच वाईट कशी ठरली?

जुना कृषी सहायक (फोंडा)

सत्तरीकर बाब, आपल्या लहानपणी पुष्कळ गोष्टी चालत होत्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात हा ससा पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो दुसऱ्या अनुसूचीत आला. कायद्याने शिकारीची केलेली व्याख्या फार रुंद आहे: मारणे, पकडणे, फासकी लावणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व तिच्यात येते. पिकाचे नुकसान झाले म्हणून परसाच्या मालकाला परस्पर सूट मिळत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी फासकीला कोण येणार हे ओळखता येत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा, मुंगूस किंवा डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या, असे प्रकार आपल्या राज्यात घडलेले आहेत. विषारी आमिषाचेही तसेच आहे. मेलेला ससा जो खाईल तोही मरतो. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडण्याचा विचारही कोणी करू नये, कारण त्याने माणसे दगावतात. बाईंनी फासकी नको म्हटले आहे, ते योग्यच आहे.

कुळागर (केपे)

आमचे कुळागर (पोफळीची बाग) डोंगराच्या उताराला आहे आणि त्याला लागून उघड्यावर भाजीचे वाफे आहेत. तेथे सशांचा त्रास आम्ही तीन हंगाम सोसला आणि चौथ्या हंगामात जाळी घातली, म्हणून फक्त जाळीविषयी लिहिते.

हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेली षट्कोनी भोकांची जाळी मिळते, तिला कोंबडीची जाळी म्हणतात. एक इंचाहून मोठे भोक घेऊ नये, कारण दोन इंची भोकातून लहान पिल्लू सहज आत जाते. चार फूट रुंदीचा रोल घेतला, तर खालचा अर्धा फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून जमिनीवर पसरावा आणि वरचा साडेतीन फूट उभा ठेवावा. पसरलेल्या पट्ट्यावर हातभर अंतराने तुटके चिरे किंवा दगड ठेवावेत. ससा जाळीशी येतो, बुडाशी तोंड घालतो, पायाखाली जाळीच लागते आणि तो बाजूला सरकून फट शोधत राहतो. पाऊस पडून गवत उगवले की हा पट्टा आपोआप जमिनीला शिवला जातो. जाळी कमी उंचीची घेण्याचा मोह टाळावा. पहिल्या वर्षी आम्ही दोन फुटांची घातली होती आणि पाठीमागे कुत्रा लागलेला ससा ती सहज ओलांडून गेला.

खांबांसाठी बांबू स्वस्त पडतो, पण वाळवी त्याला वर्षभरात खाते. पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाचे दंडे रोवले, तर ते जगतात, त्यांचा पाला खताला येतो आणि पुढे जाळी सडली तरी कुंपण उभे राहते. जाळीचे आयुष्य समुद्राजवळ कमी असते, खाऱ्या हवेने गंज लवकर चढतो. डिचोलीत तुम्हाला ती काही वर्षे चालायला हरकत नाही, मात्र जमिनीला टेकलेला भाग दर वर्षी पाऊस संपल्यावर तपासावा. हिरवे शेडनेट सशासाठी वापरू नये, ते तो कुरतडतो. मासेमारीची जुनी नायलॉन जाळीही नको. ती फुकट मिळते म्हणून आम्ही एका कोपऱ्याला लावली, आणि आठवड्याच्या आत तिच्यात एक धामण अडकून मेली. उंदीर मारणारे जनावर आपल्याच हाताने गमावल्याची हळहळ अजून वाटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार. चारही बाजूंनी उत्तम जाळी घालून लोक दाराखाली तळहात जाईल एवढी फट सोडतात आणि मग जाळी निकामी आहे, असे म्हणतात. आम्ही दाराखाली उंबरठ्यासारखा एक चिरा बसवला आणि दाराच्या खालच्या कडेला जाळीची पट्टी मारली. पूर्ण परसाला कुंपण घालणे परवडत नसेल, तर फक्त कोवळ्या रोपांचे दोन वाफे घेरले तरी पुरे.

वास येणाऱ्या फवारण्यांबद्दल माझा अनुभव असा की कुजवलेल्या अंड्याचे पाणी काही दिवस खरोखर चालते. पण जी पाने आपणच आठवड्याने कापून खाणार, त्या तांबड्या भाजीवर ते मारायचे कसे? आणि जिथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे पावसाळ्यात कोणती फवारणी टिकणार? डांबराच्या गोळ्या तर खाण्याच्या भाजीजवळ मुळीच टाकू नयेत. मिरचीला ससा शिवत नाही हे आमच्याकडेही खरे आहे. आम्ही आता उघड्या भागात मिरची, हळद, आले आणि सुरण लावतो आणि अळसांदे, मुळा, भाजी जाळीच्या आत ठेवतो.

कुंपणासाठी कृषी खात्याची अनुदान योजना आहे. तुमच्याकडे कृषी कार्ड असेल, तर खरेदी करण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी, कारण आधी खर्च करून मग पावत्या घेऊन गेले की बहुतेक वेळा हेलपाटेच पदरी पडतात.

परसदार (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

धुराचा बेत त्याच दिवशी रद्द झाला. राख पसरून पाहिली, तर सलग तीन पहाटे एकाच वाटेने आलेले ठसे मिळाले, मोठे एक आणि थोडे लहान एक. शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. वीस सशांचा हिशेब त्यांनी अजून पूर्णपणे मागे घेतलेला नाही, पण आवाज खाली आला आहे. मरडाचे मालक मुंबईला असतात. त्यांना फोन केल्यावर त्यांनी आनंदाने परवानगी दिली, आणि दोन माणसांनी एका दिवसात पट्टा कापून दिला. कापलेले गवत वाफ्यांवर आच्छादनाला आले, ही अनपेक्षित कमाई.

अनुदानाची चौकशी केली, पण एवढ्याशा तुकड्यासाठी कागद जमवण्यापेक्षा आम्ही फक्त तीन वाफे घेरायचे ठरवले. जाळी केपेकर ताईंनी सांगितली तशीच दुमडून घातली आणि वर पडक्या गोठ्याचे चिरे ठेवले. पहिल्या रात्री ससा आत आला. दाराशी आम्ही लाकडाची फळी टेकवली होती, ती एका बाजूने तीन बोटे वर होती. तेथे चिरा बसवल्यानंतर आजतागायत एकही रोप कापले गेलेले नाही. अळसांदे आता वेल धरू लागले आहेत, आणि गेल्या रविवारी तांबड्या भाजीची पहिली जुडी घरात आली. बाहेरच्या भेंड्याचे शेंडे अधूनमधून जातात, पण खालून फुटवे येत आहेत, तेव्हा तेवढे आम्ही सोडून दिले आहे. संध्याकाळी कापलेल्या पट्ट्याच्या कडेला एक ससा कान टवकारून बसलेला असतो. यजमान त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती अजून पूर्ण निवळलेली नाही.

आता एक नवी शंका. जाळीच्या बाहेर, वईच्या (परसाच्या कुंपणाच्या) कडेला रताळ्याचे चार वेल आहेत. परवा रात्री कोणीतरी हातभर खोल खड्डे करून रताळी उकरून नेली आणि वेल तसेच टाकले. खड्ड्याजवळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पेन्सिलीएवढी जाड एक काडी मिळाली आहे. ससा तर खोदत नाही ना?

जुना कृषी सहायक (फोंडा)

बाई, ती काडी जपून ठेवा, नातवंडांना दाखवायला होईल. ते साळिंदर आहे, आणि ते कोंबडीची जाळी सहज फाडते. रताळी आजच काढून घ्या.